फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा राहून गेलेला अभ्यासक्रम

आमच्या बी. कॉम.च्या वर्गात संख्याशास्त्राचा तास म्हटला की मागचे दोन बाक हमखास रिकामे असतात. ते रिकामे ठेवण्यात अधूनमधून माझाही हातभार लागलेला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. अशाच एका तासाला सरांनी फळ्यावर वर्तुळ काढले, त्याचे लहानमोठे तुकडे पाडले आणि घरखर्चाची वाटणी आकृतीने कशी दाखवायची ते समजावून सांगितले. मग जाता जाता ते सांगून गेले की, अशाच एका वर्तुळाच्या आकृतीने एकेकाळी इंग्लंडच्या लष्करखात्याला घाम फोडला होता आणि ती काढणारी व्यक्ती होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

मला ते खरे वाटेना. शाळेत आम्ही शिकलेली नाइटिंगेल म्हणजे रात्री हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी करुणामूर्ती. तिचा आणि आकडेमोडीचा संबंध काय?

त्या सुमारास माझ्या डोक्यात दुसरेच एक खूळ होते. बारावीनंतर मी कॉमर्सच्या वाटेला लागलो खरा, पण माणसे आजारी का पडतात, कोणत्या गल्लीतली जास्त पडतात, याविषयीचे माझे कुतूहल काही गेले नव्हते. कन्नड विभागातला माझा एक मित्र समाजशास्त्राचा विद्यार्थी. आम्ही दोघांनी कँटीनमध्ये बसून वहीच्या शेवटच्या पानावर एका पदवीचा आराखडाच करून टाकला होता. पहिल्या वर्षी शरीरविज्ञान आणि समाजशास्त्र, दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र, साथीचे रोग आणि अर्थशास्त्र, तिसऱ्या वर्षी खेड्यात जाऊन प्रत्यक्ष पाहणी. अशा प्रकारच्या पदव्या आज जगातील कित्येक विद्यापीठांत मिळतात हे आम्हाला मागाहून कळले. घरी मामांना आराखडा दाखवला तेव्हा ते मनापासून हसले. त्यांच्या मते हे शिकून माणूस ना धड डॉक्टर होणार, ना धड हिशेबनीस.

मग लायब्ररीतून नाइटिंगेलबाईंची मिळतील ती चरित्रे आणून वाचू लागलो आणि एके ठिकाणी थबकलोच. १८९१ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, वर्षानुवर्षे खोलीबाहेर क्वचितच पडणाऱ्या या बाईंनी ऑक्सफर्ड विद्यापीठासाठी जवळजवळ असाच अभ्यासक्रम मनात आखला होता. तो उभा राहिला नाही. तो त्यांना का सुचला हे सांगायचे, तर त्यांचे आयुष्य पहिल्यापासून आणि दिवा जरा बाजूला ठेवून सांगावे लागते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील लग्नानंतरच्या लांबलचक प्रवासात होते. थोरली मुलगी नेपल्सला झाली म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून ती पार्थेनोपी, आणि धाकटी फ्लॉरेन्सला झाली म्हणून फ्लॉरेन्स. (धाकटीचे नशीब थोर म्हणायचे!) घर अतिशय सधन. डर्बीशायरमध्ये एक हवेली आणि हॅम्पशायरमध्ये दुसरी. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सची ओढ मात्र गणिताकडे. ते शिकायला मिळावे म्हणून तिला घरात बरीच झुंज द्यावी लागली, कारण सरदारी घराण्यात लग्न व्हायच्या मुलीला गणिताचा उपयोग काय, असा आईचा रोकडा सवाल होता.

सोळा-सतरा वर्षांची असताना, १८३७ साली, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली अशी तिची खात्री झाली. सेवा कोणती हे कळायला काही वर्षे गेली, आणि कळल्यावर घरात भूकंप झाला. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळातील परिचारिकेला मोलकरणीचाही मान नव्हता. दारू पिणारी आणि कुठेच काम न मिळालेली बाई तिथे जाते, असा सार्वत्रिक समज. कुलीन घरची मुलगी इस्पितळात पाठवायची म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगायची.

मग तिने काय केले, तर पहाटे उठून, घर जागे होण्यापूर्वी मेणबत्तीच्या उजेडात सरकारी अहवाल वाचायला सुरुवात केली. इस्पितळांचे, स्वच्छतेचे, गरिबांच्या वस्त्यांचे अहवाल. वह्यांमागून वह्या टिपणांनी भरल्या. न्याहारीची घंटा झाली की खाली येऊन पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा. हे वर्षानुवर्षे चालले. एका मोठ्या मनाच्या आणि विद्वान माणसाची मागणी तिने फार विचारांती नाकारली. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थच्या संस्थेत तीन महिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली. वय ३३. म्हणजे जिला आपण परिचारिका म्हणून ओळखतो, तिच्या आयुष्यातला पहिला मोठा अभ्यास सरकारी अहवालांचा होता!

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. तुर्कस्तानातील स्कुटारी येथे इंग्रज फौजेच्या इस्पितळात शिपाई कुत्र्याच्या मौतीने मरत आहेत, अशा बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेलबाईंचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून बाई ३८ परिचारिकांना घेऊन ऑक्टोबरात निघाल्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी स्कुटारीला पोचल्या. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: अस्वच्छ बराकी, उंदीर, मैलोन्मैल खाटांच्या रांगा, लष्करी डॉक्टरांचा आडमुठेपणा, बाईंनी मिळवलेले कपडे, साबण, अन्न, आणि रात्रीची दिव्याची फेरी. यातले बरेचसे खरेच आहे.

परंतु या कथेत एक आकडा सांगायचा राहून जातो. बाई तेथे गेल्यानंतर मृत्यू कमी झाले नाहीत. ते वाढले. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीला चार हजारांवर माणसे मेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार केलेल्या दर शंभर रोग्यांत ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता-आयोगाचे लोक आले. डॉक्टर सदरलंड आणि इंजिनिअर रॉलिन्सन हे त्यांत प्रमुख. त्यांनी पाहिले की ती प्रचंड बराक तुंबलेल्या गटारांवर उभी आहे, विषारी हवा आत शिरते आहे आणि पाणी येण्याच्या वाटेवर मेलेली जनावरे पडली आहेत. गटारे धुतली, घाण उपसली, भिंतींना चुना दिला, हवेला वाट केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी दोनावर आले.

१८५६ मध्ये बाई इंग्लंडला परतल्या तेव्हा देश त्यांना देवता मानत होता. त्यांनी मिरवणुका टाळल्या आणि आकडे मागवले. तोवर त्यांची समजूत अशी होती की शिपाई उपाशी, थकलेले आणि फार उशिरा इस्पितळात आणले गेले म्हणून मेले. विल्यम फार नावाचे एक गृहस्थ इंग्लंडच्या जन्ममृत्यू-नोंदणी कचेरीत आकड्यांचे काम पाहत. त्यांच्याबरोबर बाई महिनोन्महिने तक्ते मांडत बसल्या. त्यातून निघाले ते असे की, उपासमार नि थकवा होताच, पण गटारे आणि गर्दी यांनी जास्त बळी घेतले, आणि रणभूमीजवळच्या हलक्या व्यवस्थेच्या इस्पितळांपेक्षाही स्कुटारीत माणसे अधिक मेली होती. म्हणजे स्वतः त्या जिथे होत्या तिथेच. या शोधाचा त्यांच्या मनावर किती आघात झाला याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात पश्चात्तापाने त्या खचल्या, कोणी ते मानत नाहीत. १८५७ च्या उन्हाळ्यात त्या कोसळल्या आणि पुढची बरीच वर्षे अंथरुणावर राहिल्या हे खरे, पण युद्धकाळात जडलेला तापही त्याला कारण होता. मला एवढे दिसते की ते आकडे त्यांनी दडपले नाहीत. उलट ते छापून सर्वांच्या हाती दिले जावेत म्हणून जिवाचे रान केले.

आता ती आकृती. आमच्या पुस्तकातल्या वर्तुळात त्रिज्या एकच असते आणि तुकड्यांचे कोन बदलतात. बाईंच्या आकृतीत कोन सारखे आहेत, बारा महिन्यांचे बारा, प्रत्येकी तीस अंशांचे, आणि बदलते ती त्रिज्या. ज्या महिन्यात मृत्यू जास्त, त्या महिन्याची पाकळी मोठी. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल रंग जखमांचा, काळा इतर कारणांचा. पानावर नजर टाकताच निळ्याचा पूर दिसतो आणि लाल रंग मध्याशी दबून राहिलेला दिसतो. त्या युद्धात सुमारे १६ हजार इंग्रज शिपाई रोगाने मेले, लढाईत व जखमांनी पाच हजारांहून कमी. आकडे वाचून मंत्र्यांना झोप येते, चित्र मात्र ते पाहतात, हे बाईंनी ओळखले होते. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

युद्धाचे सोडा, शांततेच्या काळातही इंग्लंडातील बराकींत राहणाऱ्या तरुण शिपायांत दर हजारी १७ ते २० मृत्यू होत, आणि त्याच वयाच्या नागरिकांत ११, हेही त्यांनी दाखवले. निवडून घेतलेले धडधाकट तरुण घरी राहणाऱ्यांहून जास्त मरत असतील, तर दोष शरीराचा नाही, राहणीचा आहे. बराकी सुधारल्या, लष्करी वैद्यकाचे स्वतंत्र विद्यालय निघाले, लष्कराच्या आरोग्याचे आकडे दरवर्षी छापले जाऊ लागले. लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी येथे थांबत नाही.

त्यापेक्षा मला १८६१ च्या खानेसुमारीची हकीकत सांगावीशी वाटते. बाईंनी आणि फार यांनी सरकारकडे मागणी केली की यंदा माणसे मोजताना त्या दिवशी किती जण आजारी आहेत, कोणत्या रोगाने आणि कसल्या घरात राहतात, हेही विचारावे. घर आणि रोग एकाच कागदावर आले, तर त्यांचे नाते आपोआप उघड होईल. सरकारने नकार दिला. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही शरीरविज्ञान आणि समाजशास्त्र शेजारी शेजारी लिहिले होते, ते मला हे वाचताना आठवले.

आणखी एक प्रसंग. लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतीची खोली चालवली जात होती. तेथे बाळंतरोगाने स्त्रिया दगावू लागल्या. १८६७ मध्ये ती बंद करण्यात आली. मग बाईंनी ठिकठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ साली पुस्तक काढले. त्यातून दिसले की घरी बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रियांपेक्षा मोठ्या प्रसूतिगृहांत स्त्रिया जास्त मरतात. आपल्याच संस्थेच्या विरुद्ध जाणारा आकडा त्यांनी दुसऱ्यांदा जगापुढे ठेवला. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. दूषित हवेने रोग होतो हा जुना समज त्या फार काळ धरून होत्या आणि जंतूंची गोष्ट त्यांना उशिरा पटली. गटारे मात्र दोन्ही मतांनी धुवावीच लागतात, त्यामुळे निभावले.

आता हिंदुस्थान. बाईंनी या देशात कधी पाऊल टाकले नाही, पण आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी याच देशाच्या कागदपत्रांत घालवली. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. छावण्यांना पाठवायची प्रश्नावली बाईंनी तयार केली आणि देशभरच्या छावण्यांतून आलेल्या उत्तरांचे ढीग लंडनमध्ये त्यांच्या खोलीत येऊन पडले. पाणी कोठून येते, मैला कोठे जातो, बराकीत किती माणसे निजतात, दारू किती खपते. आमच्या बेळगावातील कॅम्प भागही गोऱ्या पलटणींसाठी वसलेल्या छावणीचाच. त्या रुंद रस्त्यांवरून जाताना आता मला हे प्रश्न आठवतात. १८६३ चा अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा झाला. त्यात निघाले की गोऱ्या शिपायांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत आहेत. दहा वर्षांनंतर बाईंनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा हे प्रमाण १८ वर आले होते.

परंतु उत्तरे वाचता वाचता त्यांना दिसले की छावणीभोवती भिंत घालून शिपाई वाचत नाही. शेजारच्या बाजाराचे पाणी घाण, तर छावणीचेही घाण. बाजार सुधारायचा तर गाव सुधारला पाहिजे, आणि गावात पैसा नाही. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात त्यांचे लेखन बदलले. कालवे, सारा, सावकारी व्याज, दख्खनच्या कर्जबाजारी रयतेची दैना, हे त्यांचे विषय झाले. परिचारिकेने व्याजाच्या दराविषयी लिहावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. आम्हा कॉमर्सवाल्यांना वाटू नये. व्याज वाढले की धान्य विकावे लागते, धान्य गेले की अंगातली ताकद जाते आणि साध्या तापाने माणूस जातो. हा हिशेब कोणत्याही एका विषयाच्या पुस्तकात पुरा बसत नाही. पुढे मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या स्वच्छतेसंबंधी त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला, दादाभाई नौरोजींच्या पार्लमेंटच्या उमेदवारीला पाठिंबा दिला आणि बेहरामजी मलबारींच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली.

आता ऑक्सफर्ड. बेल्जियमचे गणिती केतले यांचे ग्रंथ बाईंना अतिप्रिय होते. गुन्हे, लग्ने, मृत्यू यांतही नियमितपणा असतो आणि तो मोजून समजतो, ही केतले यांची शिकवण. समाज मोजून पाहिला नाही, तर केलेले कायदे चांगले की वाईट हे कळणारच नाही, असे बाईंचे मत झाले. ज्यांच्या हाती कायदे असतात ते मंत्री आणि हिंदुस्थानात येणारे सनदी नोकर यांपैकी पुष्कळ जण ऑक्सफर्डचे. तेथे त्यांना ग्रीक उत्तम येई आणि साधा तक्ता वाचता येत नसे. ऑक्सफर्डमधील बेलियोल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट हे बाईंचे जुने मित्र. दोघांनी मिळून तेथे उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन स्थापण्याचे ठरवले. बाई स्वतः पैसे घालणार होत्या. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांना पत्र पाठवून काय शिकवावे याची जंत्रीच दिली. शाळांचा कायदा होऊन वीस वर्षे झाली, पण शाळा सुटल्यावर किती मुले सारे विसरून जातात? शिक्षेने गुन्हे कमी होतात की वाढतात? अनाथगृहांत आणि गरीबखान्यांत त्याच घराण्यांची नावे पिढ्यान् पिढ्या का दिसतात? आणि हिंदुस्थानचे लोक श्रीमंत होत आहेत की गरीब, त्यांना खायला-ल्यायला पूर्वीपेक्षा अधिक मिळते की कमी, त्यांच्या शरीराची ताकद वाढते आहे की घटते आहे?

हा शेवटचा प्रश्न १८९१ साली एका इंग्रज बाईने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विचारला, हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. मित्राला दाखवले. त्याने वहीचे ते पान काढले आणि तिसऱ्या वर्षाच्या पाहणीखाली हा प्रश्न कन्नडमध्ये लिहून ठेवला. मी खाली मराठीत लिहिला.

योजना मात्र पार पडली नाही. गॅल्टन यांना ऑक्सफर्डविषयी शंका होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्याने ठेवावीत असा त्यांचा सल्ला पडला. चर्चा लांबली. १८९३ मध्ये जोवेट वारले आणि बोलणी तशीच राहिली. मृत्युपत्रात या कामासाठी ठेवलेली रक्कम बाईंनी पुढे काढून घेतली. हळूहळू दृष्टी गेली, स्मृती गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब त्यांना मिळाला, स्त्रियांत तो पहिला. तोपर्यंत तो समजण्याच्या पलीकडे त्या गेल्या होत्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी गॅल्टन वारले आणि त्यांनी ठेवलेल्या पैशांच्या आधाराने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग निघाला. पण गॅल्टन यांच्या देणगीचा मुख्य हेतू होता सुप्रजनन, म्हणजे माणसांचा वंश निवडून सुधारण्याचे शास्त्र. गरीबखान्यातील नावे पिढ्यान् पिढ्या तीच का, या प्रश्नाचे उत्तर बाई घरात, पाण्यात, शाळेत शोधणार होत्या. या मंडळींनी ते रक्तात शोधायला घेतले.

वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेरजवाड्यांच्या शेजारी, दफन करण्याची सरकारची तयारी होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नाही म्हटले. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांजवळ, त्यांना ठेवले आहे. दगडावर पूर्ण नावही नाही. एफ. एन. ही दोन अक्षरे, जन्माची तारीख आणि मृत्यूची.